फुकटच्या संग्रहाचे वर्गणीदार

एकदा एक म्हातारा आपली आयुष्यभराची मिळकत फुकट वाटत बसला होता. मिळकत सोन्यानाण्याची असती, तर गावाने त्याला हारतुरे घातले असते. पण ती होती आवाजांची, त्यामुळे लोक त्याला नुसतेच चक्रम म्हणत. तरुणपणी शाळेत मास्तरकी करता करता, सुट्टी लागली की खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून तो गावोगाव हिंडे. गोंधळी, वासुदेव, नंदीबैलवाले, शेतात भलरी म्हणणारी माणसे, जो कोणी समोर बसून गाईल त्याचे गाणे तो उतरवून घेई. पुढे गाणारे एकेक करून गेले, त्यांच्या मुलांनी दुसरे कामधंदे धरले, आणि ती गाणी या म्हाताऱ्याच्या घरात फितींवर तेवढी उरली.

तालुक्याच्या त्या गावात सगळे त्याला गुरुजी म्हणत, तर आपणही गुरुजीच म्हणू. त्यांच्याकडे संगीताचा अभ्यास करायला शहरातून एक तरुण आला. थोडे दिवस राहीन म्हणून आला आणि गुरुजींचा शिष्य होऊन राहिलाच. फितींवरची बुरशी त्याने हलक्या हाताने पुसली, आवाज संगणकावर चढवले, आणि त्यांचे एक संकेतस्थळ तयार केले. त्या संकेतस्थळाला कुलूप नव्हते. कोणी नाव विचारत नव्हते, गाण्याच्या मध्ये साबणाच्या जाहिराती घुसत नव्हत्या. मेंढ्या राखणाऱ्याने मोबाइलवर ऐकावे, परदेशातल्या पंडिताने ऐकावे, ज्याला पाहिजे त्याने पाहिजे तितके ऐकावे, अशी ती व्यवस्था होती.

पण ऐकणे फुकट असले, तरी ऐकवणे कधीच फुकट नसते. संकेतस्थळाच्या जागेला भाडे लागते, फिती जपायला खर्च येतो. त्यासाठी गुरुजींनी वर्गणीदार जमवले होते. वर्षाची वर्गणी भरणाऱ्याला दर ऋतूत एक कॅसेट टपालाने जायची. होय, कॅसेटच. सारे जग त्या यंत्राला विसरले, तरी गुरुजींच्या घरात शेजारी शेजारी मांडलेल्या दोन यंत्रांवर अजून कॅसेटी उतरत होत्या. एक वाजायची, दुसरी ऐकत ऐकत भरायची. घाई करून चालत नसे. गाणे जेवढे लांब, तेवढाच वेळ नक्कल व्हायला लागे. वेष्टने गावातल्या छापखान्यातून छापून आणायची आणि हाताने घड्या घालून बसवायची, हे शिष्याचे काम.

आणि त्या वेष्टनावर, अगदी वर, लाल शाईत गुरुजींनी एक मजकूर छापायला लावला होता: ‘या कॅसेटमध्ये जे आहे ते सर्व आमच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य ऐकता येते. या कॅसेटची नक्कल करण्यास व ती वाटण्यास प्रत्येकाला कायमची मुभा आहे.’

आता मला सांगा, कोणता शहाणा दुकानदार आपल्याच मालावर असे लिहील? पेढ्याच्या पुडक्यावर कोणी ‘हेच पेढे शेजारी फुकट मिळतात’ असे छापते का? शिष्याला तो मजकूर पहिल्या दिवसापासून खुपत होता. फुकट आहे तर असू दे, पण ते ओरडून सांगायची काय गरज, तेही लाल शाईत? त्याने एकदोनदा विचारूनही पाहिले. गुरुजी म्हणाले, “राहू दे ती ओळ.” त्यापुढे एक अक्षर नाही.

सगळे बरे चालले होते, तोवर त्या ओळीचे काही वाटले नाही. पण एक वर्ष वाईट आले. जागेचे भाडे एकदम वाढले. जुने वर्गणीदार थकले होते. पाठवलेली कॅसेट परत येई आणि पाकिटावर पोस्टमनने ‘मालक मयत’ असे लिहिलेले असे. नवे वर्गणीदार येईनात. दसऱ्यापर्यंत वर्षाचे भाडे भरले नाही, तर संकेतस्थळ बंद होणार आणि त्यावरचे सगळे आवाज एका दिवसात गप्प होणार, हे स्पष्ट झाले. गोंधळी भुजंगा पाचंगे याचा एक जुना, बुरशीने खाल्लेला गोंधळ शिष्याने नुकताच खटपट करून वाचवला होता. भुजंगाचा श्वास कुठे अडकतो, हेदेखील त्याला पाठ झाले होते. ज्या माणसाला आपण कधी पाहिले नाही, त्याला पुन्हा मरू द्यायचे, हे त्याला सहन होईना.

अशा वेळी व्यापारी यावा लागतो, तसा तो आला. श्रावणात एका दुपारी दारात मोठी गाडी थांबली. गाणी विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा तो मालक. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. चपला बाहेर काढून आत आला, गुरुजींच्या पाया पडला, फितींच्या कपाटासमोर हात जोडून उभा राहिला. त्याला गाण्यातले कळतही होते.

“गुरुजी, तुमचा संग्रह मी नेहमी ऐकतो,” तो म्हणाला. “असं काम उभ्या महाराष्ट्रात कुणी केलेलं नाही.”

“आनंद आहे. वर्गणी भरलीत का?”

व्यापारी मोकळेपणाने हसला. “फुकट मिळतंय म्हटल्यावर वर्गणी कोण भरेल, गुरुजी? तेच तर बोलायला आलोय.”

मग त्याने आपले म्हणणे मांडले. संग्रहाचे सगळे हक्क कंपनीला द्यायचे. जागेचे भाडे कंपनी भरेल, फितींसाठी थंडगार खोली बांधेल, शिष्याला पगार देईल. त्या कॅसेटींचे लोढणे तेवढे बंद करायचे, आणि संकेतस्थळाला कुलूप लावायचे. “ऐकणाऱ्यानं महिन्याला एका चहाचे पैसे टाकायचे, बस्स. चहा काय, सगळेच पितात.”

शिष्याला वाटले, देव पावला. त्याने गुरुजींकडे पाहिले.

“नाही,” गुरुजी म्हणाले.

“अहो, पण दसऱ्याला हे बंद पडतंय असं ऐकलं मी. बंद पडल्यावर कोण ऐकणार?”

“बंद पडलं तर दार उघडं ठेवून बंद पडेल. कुलूप लावून मी ते चालवणार नाही.”

“तुम्ही रागात आहात, गुरुजी. मी दसऱ्याच्या सुमारास पुन्हा येतो. तोवर राग शांत होईल.”

“राग आला की मी माणसाला चहा विचारत नाही,” गुरुजी म्हणाले. “बसा, चहा घेऊन जा. आमच्याकडे त्याचे पैसे पडत नाहीत.”

व्यापाऱ्याने चहा घेतला, पुन्हा पाया पडला आणि गेला. गाडी कोपऱ्यावरून वळली, तसा शिष्य उसळला. “गुरुजी, तत्त्वानं भाडं भरता येत नाही हो! हक्क देऊ नका, निदान ती लाल ओळ तरी काढा. लोक विकत घेतील तरी!”

“ओळ राहील,” गुरुजी म्हणाले. “आणि या वेळी जरा मोठ्या टायपात छाप.”

शिष्याने डोक्याला हात लावला. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, हे त्याने ऐकले होते. पण बुडत्या नावेला आपल्या हाताने भोक पाडणारा हट्ट त्याने पहिल्यांदाच पाहिला. त्याच आठवड्यात गुरुजींना निरोप आला. सीमेवरच्या एका गावात एक म्हातारी बाई अंथरुणाला खिळली होती, आणि तिला येत असलेली गाणी दुसऱ्या कोणाला येत नव्हती. गुरुजींनी टेपरेकॉर्डर खांद्याला लावला. “नवरात्राची कॅसेट वेळेवर पाठव,” एवढे सांगून ते एसटीत बसले.

नवरात्राच्या कॅसेटीत भुजंगा पाचंग्याचा तोच गोंधळ जायचा होता. शिष्य छापखान्यात गेला, खिळे जुळवणाऱ्यासमोर उभा राहिला, आणि त्याच्या मनाने उचल खाल्ली. गुरुजींची ओळ त्याने छापलीच नाही. त्या जागी त्याने छापले: ‘फक्त वर्गणीदारांसाठी. इतरत्र कोठेही उपलब्ध नाही.’ घरी आल्यावर त्याने संकेतस्थळावरच्या गोंधळाच्या गाण्यांना कुलूप लावले. गाणे सुरू होई, थोडे पुढे जाई आणि थांबे. मग अक्षरे उमटत, ‘पुढे ऐकण्यासाठी वर्गणीदार व्हा.’ चोरी करतो आहोत असे त्याला मुळीच वाटले नाही. गुरुजींचा संग्रह आपण गुरुजींपासून वाचवतो आहोत, असेच त्याला वाटत होते. चांगल्या माणसांच्या हातून चुका होतात त्या अशाच, पूर्ण निष्ठेने.

आणि गंमत म्हणजे, जमले की! कुलूप लागल्यावर नव्या लोकांच्या वर्गण्या येऊ लागल्या. शिष्य हुरळून गेला. गुरुजी परत आले की त्यांना काय सांगायचे, ती वाक्येही त्याने जुळवून ठेवली.

मग एके सकाळी बार्शीहून मंदाकिनीबाई बुरगुटे आल्या. बार्शीच्या पेठेत त्यांचे कापडाचे मोठे दुकान. नवऱ्याच्या मागे तिशीपासून त्यांनी ते एकटीने चालवले होते. फार जुन्या वर्गणीदार. दारातच त्यांनी पिशवीतून नवरात्राची कॅसेट काढली.

“गुरुजी कुठं हायत?”

“गावाला गेलेत, काकू. या ना, बसा. पाणी आणतो.”

“पाणी नको. हे काय हाय?”

“कॅसेट खराब लागली का? लगेच बदलून देतो.”

“खराब हाय का चांगली, मला काय ठावं? माझ्याकडं मशीन कुठंय? आजवर एकबी कॅसेट मी वाजवली न्हाई. सगळ्या दुकानात गल्ल्याच्या मागं मांडून ठेवल्यात.”

शिष्याला काही उमजेना. “मग तक्रार काय आहे, काकू?”

“सांगती. दुपारचं दुकानात कोण नसतं. आजूबाजूच्या बाया येऊन बसतात, मोबाइलवर तुमची गाणी लावतात. नवी कुणी आली अन् इचारलं, हे कुठलं वो, की मी त्या कॅसेटींकडं बोट करती. म्हणती, ही गाणी माझ्या पैशावर चालत्यात. खोटं कशाला बोलू, मिरवती मी. मला आवडतं मिरवायला. परवा बायांनी भुजंगाचा गोंधळ लावला, अन् मधीच बंद. पुढं ऐकायचं तर वर्गणी भरा म्हणं! साऱ्याजणी माझ्याकडं बघाय लागल्या. एक तर तोंडावर म्हणाली, काकू, तुमच्या पैशानं आता कुलूप आणलं का?” बाईंचा आवाज चढला. “माझेच पैसे घेऊन माझ्याच पायरीवरच्या बाया उठवल्यास तू!”

“पण काकू, हे तुमच्यासाठीच केलं. तुम्ही पैसे भरता. तुम्हाला जे मिळतं ते इतरांना फुकट मिळालं, तर तुमच्यावर अन्याय नाही का?”

“मी आली होती का तुझ्याकडं अन्याव झाला म्हणून? अरे, कापड इकती मी. पैसे मोजले की ठाण त्याचं, दुसऱ्याचं न्हाई, हे मला तू शिकवू नको. तशी गिऱ्हाइकं माझ्याकडं रोज येत्यात. पण तुमच्याकडं मी गिऱ्हाईक म्हणून येत न्हवती. मला गिऱ्हाईक करू नको.”

त्यांनी कॅसेट टेबलावर ठेवली. “गुरुजींना सांग, पुढच्या सालाला बुरगुट्यांना धरू नका.” आणि त्या आल्या तशा गेल्या. शिष्य त्यांच्यामागे दारापर्यंत गेला.

त्यानंतर कॅसेटी परत येऊ लागल्या. रोजचा पोस्टमन पाकिटे आणून देई, आणि आता त्यांवर मालक मयत असे लिहिलेले नसे. मालक चांगले जिवंत होते आणि चिडलेले होते. फोन येत. एक निवृत्त न्यायाधीश तर फोनवर इतकेच म्हणाले, “आम्ही उघड्या दाराला पैसे देत होतो,” आणि त्यांनी फोन ठेवला. नवे आले त्यापेक्षा जुने जास्त गेले. दसरा जवळ आला होता आणि भाडे पहिल्यापेक्षा दूर गेले होते. आपल्या हाताने आपण संग्रह बुडवला, हे शिष्याला उघड दिसत होते.

गुरुजी परतले ते सीमेवरच्या त्या म्हातारीची गाणी घेऊन, आनंदात. शिष्याने त्यांना हातपाय धुऊ दिले आणि मग काही न लपवता सगळे सांगितले. वेष्टन दाखवले. गुरुजींनी ते डोळ्यांजवळ धरून वाचले.

“कुलूप काढलंस?”

“अजून नाही. तुम्ही म्हणाल तसं करीन.”

“लावताना विचारलं नाहीस, आणि काढताना विचारतोस?”

शिष्य उठला, संगणकापाशी गेला आणि त्याने कुलूप काढले. परत येऊन तो गुरुजींसमोर खाली मान घालून बसला. गुरुजी रागावतील अशी त्याची तयारी होती. गुरुजी रागावले नाहीत. ते सावकाश बोलू लागले.

“या भुजंगाचा गोंधळ मी उतरवला, तो एका लग्नघरी. अंगणात सगळी गल्ली लोटली होती. निघताना मी भुजंगाला म्हटलं, बाबा, मी तुझं गाणं घेऊन चाललो, तुला काय देऊ? तो म्हणाला, ‘बिदागी यजमान देतो, गुरुजी. ऐकणाऱ्याला मी कधी दारात अडवला न्हाई. ज्याला लईच वाटलं त्यो दिवटीवर तेल घालतो.’ आणि ते मी पाहिलंही होतं. त्याची दिवटी मंद व्हायला लागली, तशी शेजारची एक बाई वाटीभर तेल घेऊन उठली. तेल घातलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. तेल तिचं, आणि उजेड साऱ्या अंगणात. ती काही भुजंगाला म्हणाली नाही, की दिवटी माझ्याकडे वळव आणि बाकीच्यांना अंधारात ठेव. तसं म्हणाली असती, तर गल्लीनं तिला वेड्यात काढलं असतं. आपले वर्गणीदार हे तेल घालणारे आहेत. कॅसेट म्हणजे त्यांना दिलेली पोच. म्हणून तर बुरगुटेबाई ती न वाजवता गल्ल्यामागे मांडून ठेवतात. तू त्यांना कळवलंस, की उजेड फक्त तुमच्यावर पडेल. ज्यांना तसा उजेड पाहिजे होता, ते आले. ज्यांना अंगण उजळायचं होतं, ते उठून गेले. त्यांचं काय चुकलं?”

शिष्याने मान हलवली. पण एक शंका त्याच्या मनात उरलीच होती. “हे कळलं, गुरुजी. पण फुकट ठेवायचं होतं तर नुसतं ठेवायचं. ती मुभेची ओळ कॅसेटीवर छापायचा हट्ट कशासाठी?”

“ती ओळ वर्गणीदारांसाठी नव्हतीच,” गुरुजी म्हणाले. “ती माझ्यासाठी होती, आणि तुझ्यासाठी. असे शेठ याआधी येऊन गेले, पुढेही येतील. माणूस रोज सारखा खंबीर नसतो, बाबा. घरात आजारपण येतं, म्हातारपण येतं, कधी नुसतीच भीती येते. भीती आली की कुलूप आठवतं. तुला आठवलं, मलाही आठवेल. म्हणून डोकं ठिकाणावर होतं तेव्हाच मी लाल शाईत लिहून ते घराघरांत पोचवून ठेवलं. नक्कल करा, वाटा, कायमची मुभा आहे. दिलेली मुभा परत मागता येत नाही. उद्या माझी बुद्धी फिरली तरी मी विकू काय? शेठला एकट्याला हवंय, आणि एकट्याला देण्यासारखं मी काही शिल्लकच ठेवलेलं नाही. संकेतस्थळ बटण दाबून बंद करता येतं. लोकांच्या घरातल्या कॅसेटी कुणाच्या बापाला बंद करता येणार नाहीत.”

शिष्याने समोरच्या वेष्टनाकडे पाहिले. इतक्या वर्षांत निघालेल्या सगळ्या कॅसेटींत मुभा नसलेली ही एकच होती, आणि ती त्याने काढली होती. व्यापाऱ्याला विकता आला असता असा एकच गोंधळ, भुजंगाचा. त्याला फार लाज वाटली.

मात्र लाज वाटली म्हणून तो कोपऱ्यात बसून राहिला नाही, हे त्याचे चांगले. दुसऱ्याच दिवशी तो छापखान्यात गेला. मुभेची ओळ त्याने मोठ्या टायपात छापून घेतली आणि नवे वेष्टन प्रत्येक वर्गणीदाराला धाडले. सोबत चार ओळी लिहिल्या. कुलूप मी लावले होते, चूक माझी होती, कुलूप आता निघाले आहे. भाड्याला पैसे कमी पडत आहेत. पैसे दिलेत तर तुम्हाला इतरांपेक्षा काडीचेही जास्त मिळणार नाही. सगळ्यांना मिळत राहील. ज्यांनी कुलपाच्या भरवशावर वर्गणी भरली होती, त्यांना त्याने पैसे परत देऊ केले. बऱ्याच जणांनी घेतले. काही जण, का कोण जाणे, राहिले. बार्शीला मात्र तो स्वतः गेला.

दुपारची वेळ होती. दुकानात बाया बसलेल्या होत्या. त्याने सगळ्यांसमोर मंदाकिनीबाईंना नमस्कार केला आणि म्हणाला, “काकू, कुलूप काढलंय. लावून बघा.”

बाईंनी एकीला खूण केली. तिने मोबाइलवर गोंधळ लावला. तो मध्ये थांबला नाही. भुजंगाचे संबळ दुकानभर वाजत राहिले, कापड फाडणारा नोकरही हातातले काम थांबवून ऐकत उभा राहिला. गोंधळ संपल्यावर बाई म्हणाल्या, “भाड्याला किती कमी पडतंय?” त्याने सांगितले. “सगळं मी देणार न्हाई,” त्या म्हणाल्या. “मी दिलं तर मी मालकीण होईन, अन् उद्या मलाच कुलपाची बुद्धी व्हईल. माझं मी देती. बाकीचं ह्यांच्याकडनं घे.” आणि त्यांनी समोर बसलेल्या बायांकडे पाहिले. बाया आधी हसल्या, मग एकीने कनवटीला हात घातला.

अशा रीतीने, इकडून तिकडून, कसेबसे, त्या वर्षाचे भाडे उभे राहिले. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पुढच्या वर्षाचा प्रश्न पुढच्या वर्षावर गेला, एवढेच.

खंडेनवमीच्या दुपारी व्यापारी बोलल्याप्रमाणे आला. गुरुजी जेवून आत आडवे झाले होते. बाहेरच्या खोलीत शिष्य कॅसेटी उतरवत बसला होता.

“भाड्याचं काय झालं?” व्यापाऱ्याने विचारले.

“भरलं.”

“पुढच्या वर्षी काय करशील?”

“पुन्हा मागीन.”

“आणि नाही दिलं लोकांनी?”

“तर मग तेल संपलं म्हणायचं. पण दिवटी कुणा एकाच्या घरात नेऊन ठेवणार नाही.”

व्यापाऱ्याला ते नीटसे कळले नसावे. तो खुर्ची ओढून जवळ बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “हे बघ, मी तुझं वाईट चिंतत नाही. गुरुजींचं वय झालं. त्यांच्यानंतर हे सगळं तुझ्याच हातात येणार. तू तरुण आहेस, तुला संसार करायचाय. तेव्हा बोलू आपण. मला घाई नाही.”

महिनाभरापूर्वी या वाक्याने शिष्याच्या मनात घर केले असते. आता त्याने ते शांतपणे ऐकून घेतले, आणि तो आपल्याच मनाशी म्हणाला, हा माणूस बरोबर बोलतो आहे. तो दिवस येईल. त्या दिवशी मी कसा असेन, मला काय ठाऊक? त्याने नुकतीच भरलेली कॅसेट यंत्रातून काढली, घडी घातलेले वेष्टन तिच्यावर चढवले आणि व्यापाऱ्याच्या हातात दिली.

“ही घ्या, शेठ. पैसे नकोत. नक्कल करा, कुणालाही द्या. तुम्हालाही मुभा आहे. तुम्ही खुशाल वाट बघा, मी नको म्हणत नाही. पण तुम्ही वाट बघाल तेवढे दिवस मी हेच करत बसणार आहे. तुम्ही याल तेव्हा माझी नियत कशीही असो, तुम्हाला विकता येईल असं माझ्याकडे काही उरलेलं नसेल.”

व्यापाऱ्याने ओळ वाचली. पुन्हा एकदा वाचली, या वेळी हिशेबी माणसासारखी, शब्द न् शब्द. मग त्याने खोलीभर नजर फिरवली. कपाटात फिती होत्या, टेबलावर टपालात टाकायची पाकिटे रचलेली होती. सौद्याला हात घालावा असे त्यात कुठे काही नव्हते. त्याने कॅसेट खिशात ठेवली आणि तो उठला. वर्गणी काही त्याने भरली नाही.

शिष्य त्याला पोचवायला दारापर्यंत गेला. गाडी सुरू झाली, आणि काचा वर जायच्या आत आतून संबळाचा आवाज आला. व्यापाऱ्याने मोबाइलवर भुजंगाचा गोंधळ लावला होता. तो पूर्ण वाजणार होता, मध्ये कुठेही थांबणार नव्हता, आणि त्याचे पैसे बार्शीच्या बायांनी भरलेले होते. शिष्य गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिला.

“गेले का रे शेठ?” आतून गुरुजींनी विचारले.

“गेले. आपलाच गोंधळ ऐकत गेले. फुकट.”

“ऐकू देत,” गुरुजी म्हणाले, आणि कूस बदलून पुन्हा झोपले.